पुन्हा डॉक्टरांचा कान

डॉक्टर छाती तपासायला लागले की बाहेरच्या बाकांवरचा खोकलासुद्धा दम धरायचा. तपासणीची खोली आणि बाकं यांच्यामध्ये एक हिरवा पडदा होता. त्याच्या कड्या गंजलेल्या, त्यामुळे तो कधीच पुरता ओढला जात नसे, आणि रांगेतल्यांना आतलं सगळं आयतंच दिसायचं. डॉक्टर खुर्ची पुढे ओढायचे. स्टेथोस्कोपची चकती मुठीत धरून तिला ऊब आणायचे, कारण थंड चकती टेकली की माणूस दचकतो, आणि दचकलेली छाती खोटं बोलते, असं त्यांचं म्हणणं. मग डोळे मिटायचे. "आता तुम्ही गप्प बसा," म्हणायचे, "छातीला बोलू द्या." आणि मान एका अंगाला कलती करून असे ऐकत राहायचे की बघणाऱ्याला वाटावं, आतून त्यांचं कुणी जवळचं माणूसच बोलतंय.

हा प्रवेश गल्लीनं जन्मभर पाहिला होता आणि कुणाला त्याचा कंटाळा आला नव्हता. पण अलीकडे तो नुसता प्रवेशच उरला होता. नळीतून डॉक्टरांना काहीएक ऐकू येत नव्हतं.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. का नाही, ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

डॉक्टर या गावचे नव्हेत, या देशाचेही नव्हेत. पंचविशीत एक पेटी, एक पदवी आणि पुस्तकातून शिकलेली इथली भाषा घेऊन ते आले. पुस्तकातली माणसं मोठी सभ्य असतात. एक बोलतो तेव्हा दुसरा थांबतो, आणि प्रत्येक जण वाक्य पुरं करतो. गल्लीत तसलं कुणीच निघालं नाही. इथली बाई दुखणं सांगता सांगता पोराला दटावायची, नवऱ्याची उणीदुणी काढायची, आणि मुळात दुखतं कुठं ते जाता जाता उंबऱ्यावरून सांगायची. पुरुष तर आजार चोरीचा माल असल्यासारखा तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे. बिचारे डॉक्टर पुढे झुकून म्हणायचे, "पुन्हा सांगा."

झालं. गल्लीला नाव सापडलं. पुन्हा डॉक्टर!

"काय डॉक्टर, आताच दोनदा सांगून टाकू का? तुमचा वेळ वाचेल," असं कोपऱ्यावरचा शिंपी म्हणायचा. तेव्हा तो ऐन जवानीत होता आणि गल्लीचा नकलाकार होता. डॉक्टरांची झुकलेली मान, तो हेल, भुवया वर करणं, सगळं तो हुबेहूब करायचा आणि दुकानात हशा पिकायचा. डॉक्टर स्वतःही हसायचे. परक्या गावात हसणाऱ्याला जागा मिळते, रडणाऱ्याला पत्ता विचारतात, एवढं शहाणपण त्यांना होतं. पण खोलीवर गेले की आरशासमोर उभे राहून दिवसभरात न कळलेले शब्द घोटत बसायचे.

एक दिवस मात्र हसता आलं नाही. एक तरुण गवंडी धावत आला. अंगावर चुना तसाच होता. तो धापा टाकत काहीतरी बोलला, डॉक्टर म्हणाले, "पुन्हा सांगा." तो पुन्हा बोलला, त्यांना पुन्हा कळलं नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो गवंडी भर दवाखान्यात ओरडला, "माझा बाप मरतोय तिकडं, आणि तुम्हाला काय शिकवणी पाहिजे माझ्याकडून?"

बाप वाचला. डॉक्टरांनीच वाचवला. पण ते वाक्य त्यांच्या अंगात काट्यासारखं मोडून राहिलं. त्या दिवसापासून त्यांनी मनाशी गाठ मारली: जीव गेला तरी चालेल, 'पुन्हा सांगा' म्हणायचं नाही. भाषा अशी शिकले की पुढे शिंप्यालाच म्हणी सुधारून द्यायला लागले.

आणि भाषा येईपर्यंत त्यांना तारलं ते छातीनं. माणसं कशीही बोलोत, छाती सगळ्या देशांत एकच भाषा बोलते. फुप्फुसाला परदेश नसतो. एकदा तो नकलाकार शिंपी मानेवरचं गळू दाखवायला आला. डॉक्टरांनी सवयीनं नळी लावली आणि पुढच्या नकलेसाठी तोंड उघडून बसलेल्या त्या पठ्ठ्याला म्हणाले, "गळू राहू दे. तुझ्या हृदयाची एक झडप गळतेय." मोठ्या हॉस्पिटलात यंत्रं लावून बघितलं, तर अक्षरशः तसंच. शिंपी बरा होऊन आला तो गल्लीभर सांगत सुटला, "अरे, या माणसाच्या कानाला भिंतीपलीकडचं ऐकू येतं!" नाव पुन्हा डॉक्टर असंच राहिलं, पण त्यातली टवाळी गळून पडली. पुढे जन्मलेल्या पोरांना तर ते नाव का पडलं तेही ठाऊक नव्हतं.

कानानंच त्यांना गाव दिलं, आणि कानानंच बायको. गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एक ऑपरेटर मुलगी होती. पेशंटसाठी खाट मिळेल का हे विचारायला डॉक्टर रोज मोठ्या हॉस्पिटलला फोन लावायला सांगायचे. ती म्हणायची, "लाइन बिझी आहे. थांबता की ठेवता?" आणि डॉक्टर म्हणायचे, "पुन्हा सांगा." ती पुन्हा सांगायची, तितक्याच गोडीनं, वैतागाचा मागमूस नाही. साऱ्या गावात या एका आवाजापुढे त्यांना 'पुन्हा सांगा' म्हणायची लाज वाटत नसे. ती गाठ तेवढी इथं सैल होती. होता होता अशी वेळ आली की पहिल्याच वेळी सगळं कळायचं, तरी ते म्हणायचेच.

एकदा तिनं पकडलं. "डॉक्टर, आत्ता पहिल्यांदाच कळलं होतं तुम्हाला."

"हो."

"मग?"

"पुन्हा सांगा."

तारेच्या त्या टोकाला हसण्याचा आवाज आला, आणि पुढचं सगळं रीतसर झालं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "आवाजावर भाळला हो, तोंड नंतर पाहिलं. नशीब, तोंडही आवाजाला शोभेसं निघालं!" संसार दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर मांडला. पुढे एक मुलगी झाली. ती शाळेतून आली की तपासणीच्या कॉटवरच अभ्यास करायची. कुणाच्या घरी अडलेली बाई असो की तापलेलं पोर, डॉक्टर बॅग उचलून निघायचे. पण दुपारचं जेवण तिघांनी एकत्र, हा नियम त्यांनी मोडू दिला नाही. पेशंट आला तर त्यालाही पान मांडायचं, पण नियम नियमच.

त्या कॉटवर बसलेल्या लेकीला त्यांनी एक गंमत शिकवली होती. तिच्या कानाजवळची केसांची बट बोटांच्या चिमटीत धरून ते हळूच चोळायचे. बारीक चुरचुर व्हायची. "ऐकलंस? खालून आजारी पडलेलं फुप्फुस असं बोलतं. जगातला हा सगळ्यांत हळू आवाज आहे, पोरी, आणि हाच चुकवायचा नसतो." लेक मग घरात येईल त्याच्या पाठीला कान लावत फिरायची आणि केस बोलतात का बघायची.

म्हातारपण चोरासारखं येतं म्हणतात. डॉक्टरांकडे आलेला चोर सभ्य होता. एका वेळी एकच वस्तू उचलायचा. आधी किटलीची शिट्टी गेली. मग दारावरची घंटी गेली. मग बायकोच्या आवाजातली वरची धार गेली. आवाज यायचा, पण पायघड्यांवरून चालत आल्यासारखा दबलेला. आणि एका सकाळी आरशासमोर भांग पाडताना, का कोण जाणे, त्यांनी कानावरची पांढरी बट चिमटीत धरून चोळली. बोटांना केस लागत होते. कानाला काहीच लागत नव्हतं. दुसऱ्या बाजूची बट चोळली. तिथंही तेच. कंगवा हातात धरून डॉक्टर तसेच उभे राहिले.

जुन्या मित्राला भेटायला जातो असं सांगून ते लांबच्या शहरात कानाच्या डॉक्टरकडे गेले. यंत्र मिळालं. त्यातून खुर्च्या किंचाळायच्या, ताटं धडाडायची, आणि वर स्टेथोस्कोप लावला की नुसत्या शिट्ट्या. त्याहून वाईट म्हणजे ते कानाबाहेर दिसायचं. ते मोज्यांच्या खणात, जुन्या मोज्याच्या पोटात गेलं.

दवाखाना बंद करावा, हे त्यांना सुचलं नाही असं नाही. रोज सुचायचं. पण मनाचा एक कोपरा म्हणायचा, या गावानं तुला कानामुळे आपलं म्हटलं. कान वजा केला तर उरतो कोण? पेटी घेऊन आलेला तो परका, ज्याला तीनतीनदा सांगावं लागतं. तो पुन्हा दारात उभा राहिलेला डॉक्टरांना बघवणार नव्हता. मग ते चकतीला ऊब आणायचे, डोळे मिटायचे, मान कलती करायचे.

आणि नवल म्हणजे, निभत होतं. कारण गल्ली शहाणी झाली होती. इस्त्रीवाल्या मावशी कॉटवर बसायच्या आणि थेट डॉक्टरांच्या तोंडाकडे बघून खणखणीत सांगायच्या, "डाव्या बाजूला, मागून, खाली, कफ धरलाय बघा. घरघर आहे. उजवी बाजू मोकळी आहे." डॉक्टर नळी लावायचे, दोन श्वास जाऊ द्यायचे, आणि म्हणायचे, "अगदी बरोबर." शिंपी यायचा, झडपेचं सगळं वर्तमान पाठ म्हटल्यासारखं सांगायचा. कंपाउंडर बाटल्या भरता भरता मान डोलवायचा.

दुपारी जेवण उरकल्यावर डॉक्टर बायकोला म्हणाले, "माणसं आता आपलं दुखणं बोट ठेवून दाखवतात गं. इतकी वर्षं शिकवलं, त्याचं चीज झालं."

बाई पाठमोऱ्या उभ्या राहून ताटं धूत होत्या. त्या काहीतरी म्हणाल्या. डॉक्टरांनी ऐकल्यासारखी मान हलवली.

शाळांना सुट्टी लागली तशी लेक माहेरी आली. तिचं सासर आगगाडीनं अर्ध्या दिवसावर. बरोबर तिची पोरगी, जिला सगळे भिंगरी म्हणायचे. ती एका जागी कधी उभी राहिली आहे असं तिच्या आईनंही पाहिलं नव्हतं. आल्यापासून पोरीला खोकला होता आणि अंग किंचित कोमट. तिसऱ्या दिवशी सकाळी लेक तिला घेऊन दवाखान्यात उतरली.

"बाबा, जरा छाती बघा हिची. झोपेतसुद्धा खोकत होती."

"या या, बाईसाहेब, बसा," डॉक्टर म्हणाले. भिंगरी नुकतीच जिन्यावरून चार फेऱ्या मारून आली होती, श्वास भरभर चालला होता. पण धावून आलेल्या पोराचा श्वास भरभरच असतो.

"आजोबा, आधी गरम करा ना ते."

त्यांनी चकती मुठीत धरली. पाठीवर टेकली. डोळे मिटले. आत शांतता होती, प्रयोग संपल्यावर रिकाम्या नाट्यगृहात असते तशी.

बाई चहाची कपबशी घेऊन पडद्याशी आल्या होत्या. लेकीनं सहज, लहानपणीची सवय म्हणून, भिंगरीच्या पाठीला स्वतःचा कान लावला. तिच्या कपाळावर आठी पडली.

"बाबा, इथं खाली... केसांसारखं वाजतंय. तुम्ही दाखवायचात ना, तस्संच. बघा बरं."

डॉक्टरांनी नळी तिथं नेली. शांतता. त्या घडीला एकच वाक्य म्हणायचं होतं: मला ऐकू येत नाही. चार शब्द. समोर स्वतःची लेक, स्वतःची नात, दाराशी बायको. याहून मायेचे प्रेक्षक माणसाला मिळत नाहीत. ते वाक्य घशापर्यंत आलं, आणि तिथं त्याला तो तरुण गवंडी भेटला, अंगावर चुना घेतलेला. वाक्य माघारी फिरलं.

"फ्रॉकचं कापड घासतंय," डॉक्टर म्हणाले. "छाती स्वच्छ आहे. खोकल्याचं औषध देतो."

लेक स्वतःलाच हसली. "मी पण ना! डॉक्टरच्या घरात डॉक्टरकी करायला निघाले."

दाराशी कप बशीवर थरथरला. डॉक्टरांना ते दिसलं, ऐकू आलं नाही. बाईंची आणि त्यांची नजर एक क्षण भिडली. मग बाईंनी चहा टेबलावर ठेवला आणि काही न बोलता वर निघून गेल्या.

दोन दिवसांनी भिंगरी फिरायची थांबली. सकाळी उठवायला गेले तर अंग तव्यासारखं, नाकपुड्या फुललेल्या, ओठांचा रंग उतरलेला. आता डॉक्टरांना कानाची गरज नव्हती. डोळ्यांनाच सगळं कळत होतं. कंपाउंडरनं बेकरीवाल्याची गाडी दारात आणली, आणि सगळे पुलापलीकडच्या हॉस्पिटलात पोचले.

तिथली डॉक्टर तरुण होती. डॉक्टरांच्या लेकीहून लहानच. तिनं नळी लावली, फोटो काढायला पाठवलं, सलाईन लावलं, ऑक्सिजन लावला. मग भिंगरीच्या आईला म्हणाली, "उजवं फुप्फुस खालून भरलंय. येईल आटोक्यात, घाबरू नका. पण दोन दिवस आधी दाखवलं असतंत तर एवढ्यावर आलं नसतं."

लेक म्हणाली, "दाखवलं होतं."

डॉक्टर बाहेर व्हरांड्यात होते. गल्लीतली माणसं चौकशीला येऊन बाकावर बसली होती. शिंपी, इस्त्रीवाल्या मावशी, थर्मास घेतलेला कंपाउंडर. ती तरुण डॉक्टर आली, त्यांच्या अगदी समोर उभी राहिली, आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्यानं बोलली, "सर, काळजी करू नका. औषधं लागू पडतील. तुम्हाला भेटायची फार इच्छा होती. तुमच्या गल्लीतला प्रत्येक पेशंट आधी आमच्याकडे छाती तपासून घेतो, कुठं काय आहे ते नीट विचारून घेतो, आणि मगच तुमच्याकडे जातो. मी सगळ्यांना सांगते, बघा, सरांनी पेशंटना केवढी शिस्त लावलीय!"

कंपाउंडरनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तुम्ही माझ्याशी इतक्या मोठ्यानं का बोलताय?" डॉक्टरांनी विचारलं.

ती गोंधळली. "कंपाउंडरकाकांनी सांगितलं होतं... रागावलात का, सर?"

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी बाकाकडे पाहिलं. शिंपी स्वतःच्या चपला बघत होता. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. इतके दिवस डॉक्टरांना वाटत होतं, आपण नट आणि गल्ली प्रेक्षक. आता कळलं, सोंग गल्लीनं घेतलं होतं. मावशी, शिंपी, बेकरीवाला, सगळे आपापली भाषणं पुलापलीकडून पाठ करून येत होते, एकानंही आपलं वाक्य चुकवलं नव्हतं, आणि साऱ्या नाट्यगृहात प्रेक्षक एकच होता. पहिल्या रांगेत, डोळे मिटून.

त्यांना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण धरणी अशा वेळी कधी कामाला येत नाही. खाली हॉस्पिटलची पुसून चकचकीत केलेली फरशी होती, आणि तिच्यात त्यांना स्वतःचंच तोंड दिसत होतं.

लेक खोलीतून बाहेर आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती बापाकडे वळली नाही, आईकडे वळली.

"आई, तुला माहीत होतं?"

बाईंनी नजर बाकाकडे वळवली.

"इस्त्रीवाल्या मावशींना माहीत. कंपाउंडरला माहीत. अख्ख्या गल्लीला माहीत. मग मीच काय घोडं मारलं होतं?"

"किटलीची शिट्टी वाजत राहायची आणि हे शेजारी बसून पेपर वाचायचे," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून माहीत होतं. मीच सगळ्यांना सांगितलं. म्हटलं, त्यांचा मान राहू दे, आणि कुणाचं नुकसानही नको. कंपाउंडरला सांगितलं, सगळ्यांना आधी पुलापलीकडे पाठव."

"आणि मला?"

"तू त्यांची लेक. मला वाटलं, तुझ्यापुढे तरी त्यांचा कान शाबूत राहावा."

"आणि परवा? तू पडद्याशी उभी होतीस, आई. कप हातात होता तुझ्या. मी म्हणत होते वाजतंय म्हणून. तू ऐकलंस ना?"

एक्स्चेंजमध्ये साऱ्या गावाची वाक्यं या टोकाकडून त्या टोकाला पोचवलेली बाई. त्या दिवशी एकच वाक्य पोचवायचं होतं, हातभर अंतरावर. तेवढंच राहिलं होतं.

डॉक्टरांना यातलं अर्धं ऐकू आलं, अर्धं चेहऱ्यांवरून कळलं. ते पुढे झाले. "तिला बोलू नकोस, पोरी. ऐकू मला येत नव्हतं."

लेक वळली. "पण मला येत होतं, बाबा. माझ्या कानांनी ऐकलं होतं मी. तुम्ही म्हणालात, कापड."

सगळा दिवस शब्द तुकड्यांनी येत होते. नेमकं हे वाक्य अक्षरन् अक्षर आलं.

भिंगरी बरी झाली. पोरांची जात चिवट. ऑक्सिजनची नळी निघताच तिनं कॉटवर उभं राहायचा प्रयत्न केला. जावई येऊन दोघींना घेऊन गेला, हॉस्पिटलातूनच, घराकडे न वळता. बॅग कंपाउंडरनं नेऊन दिली. स्टेशनवर गाडी हलली तेव्हा भिंगरीनं खिडकीतून काहीतरी ओरडून सांगितलं. डॉक्टरांनी हसून मान हलवली. गाडी गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, आपण आत्ताही मान हलवली. न ऐकता. त्या लाजेनं त्यांना स्टेशनच्या पायऱ्यांवर बसायला लावलं. शेजारी बाई बसल्या. दोघांपैकी कुणी कुणाची समजूत काढली नाही.

सोमवारी दवाखाना उघडला. बाकं भरलेली होती. शिंपी आत आला, कॉटवर बसला, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत खणखणीत सुरू झाला, "डॉक्टर, झडपेचं म्हणाल तर..."

"पुलापलीकडे जाऊन आलास?"

"छे छे! मी आणि तिकडं? काय बोलता!"

"तरुणपणी नकला बऱ्या करायचास," डॉक्टर म्हणाले. "नट म्हणून अगदीच सुमार आहेस."

डॉक्टर उठले, आणि तो हिरवा पडदा त्यांनी असा बाजूला ओढला की तीन गंजक्या कड्या टणाटण खाली पडल्या. बाकांवरची माणसं बघत राहिली. भर रंगमंचावर संवाद विसरलेल्या नटासारखे डॉक्टर थोडा वेळ नुसते उभे राहिले. पुढचं वाक्य सांगायला कुणी नव्हतं. शेवटी आपलं आपणच आठवून म्हणाले:

"मला ऐकू येत नाही. तुम्हाला माहीतच आहे. पण ते मी स्वतः सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. त्यापायी माझी नात मरता मरता वाचली. आजपासून या दवाखान्यात मी कुणाची छाती तपासणार नाही. जखम, घसा, डोळे, मोडलेली बोटं, डोळ्यांनी दिसेल तेवढं बघेन. छातीसाठी पुलापलीकडची डॉक्टर इथं येईल. तिला मी विचारलंय."

कुणी वर बघेना. मावशींनी डोळ्याला पदर लावला. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांच्याच माना जास्त खाली गेल्या होत्या. इतका आदर केला त्या माणसाचा, आणि त्या आदराचा दगड होऊन त्याच्याच नातीच्या छातीवर बसला, हे आता सगळ्यांना दिसत होतं.

शेवटच्या बाकावरून एक म्हातारा काहीतरी बोलला. तो गवंडी होता. बाप मरतोय म्हणून ओरडलेला तोच. आता पाठ वाकलेली, केस चुन्याशिवायच पांढरे.

डॉक्टरांनी मान हलवायला सुरुवात केली, आणि थांबले. पुढे झुकले. भुवया वर केल्या. शिंप्यानं तरुणपणी केलेली नक्कल आज मूळ माणूस करत होता.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले.

गवंडी पुन्हा बोलला. कळलं नाही. "पुन्हा सांगा." तिसऱ्यांदा तो उठून जवळ आला, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाला, "म्हटलं, अंगठा ठेचलाय. डोळ्यांनी दिसतो. बघता का?"

आवाजात त्रागा नव्हता. पण अंगठा पुढे करताना त्यानं नजर मात्र दुसरीकडे वळवली होती. त्या जुन्या वाक्याची आठवण फक्त डॉक्टरांनाच होती असं नव्हतं.

मोज्यातलं यंत्र बाहेर आलं. ते कानात शिट्ट्या घालायचं, भिंगरीची चुरचुर काही त्यातून येणारी नव्हती, पण ते आता सगळ्यांना दिसायचं. फोन मात्र त्यातून कळत नसे. म्हणून रविवारी लेकीचा फोन आला की बाई रिसीव्हर कानाला लावायच्या आणि डॉक्टर समोर, त्यांच्या ओठांकडे बघत बसायचे. पहिले काही रविवार फोन आलाच नाही. मग एकदा आला.

"ती म्हणते, भिंगरीचा खोकला गेला," बाई म्हणाल्या. "ती म्हणते, तिथल्या डॉक्टरनं फुप्फुस मोकळं असल्याचं सांगितलं. ती म्हणते, भिंगरीनं काल शेजारच्या पोराच्या पाठीला कान लावला आणि त्याला आजारी ठरवलं."

डॉक्टर हसले. मग बाई थांबल्या. पलीकडून काहीतरी लांबलचक येत होतं. पूर्वी असतं तर बाईंनी त्यातलं टोचेल ते वगळून गोड तेवढं पुढे केलं असतं. त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, ऐकून घेतलं, आणि एक्स्चेंजमधल्या त्या जुन्या, सपाट, स्वच्छ आवाजात सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"ती म्हणते, बाबांना सांग, माझा राग अजून गेलेला नाही. त्यांच्यावरचा नाही, तुझ्यावरचाही नाही. जाईल की नाही ठाऊक नाही. आणि पुढच्या सुट्टीत येते."

डॉक्टरांना पहिल्याच वेळी सगळं कळलं होतं. ओठ अगदी समोर होते. त्यांनी टेबलावर टेकलेला बाईंचा कोपर हलकेच धरला.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

बाईंनी पुन्हा सांगितलं. एक शब्दही न गाळता.